फायलीबाहेरचा कायदा

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की कायद्याच्या विद्यार्थ्याने कलमाइतकंच ते कलम जिथे लागू होतं त्या गावाकडेही बघावं. त्यावर पत्रं आली. काही कुतूहलाची, दोन-तीन चांगली तापलेली. त्यांतली काही इथे घेते. 'मार्गदर्शन करावे, ही विनंती' एवढंच लिहिणाऱ्यांनी प्रश्नही लिहावा, ही माझी विनंती.

ताई, मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या अभ्यासक्रमात 'कायदा आणि समाज' वगैरे भारदस्त वाक्यं आहेत. वर्गात मात्र सर बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, उघडतात, कलम वाचतात आणि नोट्स सांगतात. सामाजिक-राजकीय संदर्भात कायदा शिकायचा म्हणजे नेमकं करायचं काय? आणि परीक्षेत त्याला मार्क मिळतात का?
*– विद्यार्थी, परभणी*

एकच खटला घे आणि त्याची पाठ सोडू नकोस. माझ्या वर्गाला मी चवदार तळ्याचा देते. महाडचा सत्याग्रह सगळ्यांना ठाऊक असतो, खटला फार थोड्यांना. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर, मुंबई उच्च न्यायालय, १७ मार्च १९३७.

निकाल वाचायला बसलास की आधी थोडी निराशा होईल. अस्पृश्यता बरी की वाईट, यावर तो निकाल नाहीच. वादींचं म्हणणं असं होतं की तळं आमचं, आणि अस्पृश्यांनी तिथलं पाणी घ्यायचं नाही ही अनादी काळापासूनची प्रथा. उच्च न्यायालय म्हणालं, प्रथा अनादी असल्याचं शाबीत झालेलं नाही, सबब अपील फेटाळण्यात येत आहे. शाबीत झाली असती तर ती कायद्यापुढे टिकली असती का, या प्रश्नाचा निर्णय द्यायची वेळच कोर्टावर आली नाही. नोट्समध्ये याची एक ओळ होते: 'प्रथेला कायद्याचं बळ हवं असेल तर ती प्राचीन असली पाहिजे.' परीक्षेपुरतं काम झालं.

आता मागे जा. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं ठरावाने खुलं केलं. कागदावर प्रश्न मिटला. तळ्यावर कोणी फिरकलं नाही, कारण फिरकलं तर काय होईल हे सगळ्यांना माहीत होतं. २० मार्च १९२७ ला आंबेडकर आणि महाडला भरलेल्या परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि काय होईल ते झालं: मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. ऑगस्टमध्ये पालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. दुसरी परिषद २५ डिसेंबरला भरायची होती. १२ डिसेंबरला दावा दाखल झाला आणि १४ ला तात्पुरता मनाईहुकूम निघाला.

या तारखा एका कागदावर एकाखाली एक लिही आणि मग दिवाणी प्रक्रिया संहितेतला तात्पुरत्या मनाईचा आदेश ३९ उघड. प्रथमदर्शनी केस, सोयीचा तोल, भरून न येणारं नुकसान, ही त्रिसूत्री तू घोकली असशीलच. मग स्वतःला विचार: परिषदेच्या तोंडावर दोन दिवसांत मनाई मिळाली, तेव्हा भरून न येणारं नुकसान कोणाचं धरलं गेलं? तळ्यावर मुसलमान आधीपासून पाणी भरत होते. परिषदेला गावात जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. सोयीचा तोल कुठे झुकला होता हे या तपशिलांशिवाय कळणार नाही. मनाई फेब्रुवारी १९२८ मध्ये उठली. दावा सुटायला १९३१ उजाडलं, ठाण्याचं अपील १९३३ ला संपलं, उच्च न्यायालयाचं १९३७ ला. म्हणजे तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षं तारखा. (निकाल देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारेच. माणसं अशी पुन्हा पुन्हा भेटतात, म्हणून नावं वाचावीत.)

आता पुढे ये. घटनेच्या अनुच्छेद १५ च्या खंड २ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी यादी आहे, आणि पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेले, असे शब्द आहेत. ती यादी पाठ होत नाही म्हणून मुलं रडतात. बोल्यांचा ठराव आणि महाडचा दावा वाचलेल्याला ती पाठ करावी लागत नाही.

मार्कांचं म्हणशील तर, उत्तराची सुरुवात नेहमी कलमाने कर, मग निकालाचं तत्त्व, आणि शेवटच्या परिच्छेदात हा इतिहास चार ओळींत. तपासनीस कंटाळलेला असतो. 'समाज हा परिवर्तनशील आहे' असं लिहिलंस तर तो वाचणार नाही. '१९२४ चा ठराव, १९२७ ची मनाई' असं लिहिलंस तर थांबेल.

ताई, मी एका दिवाणी वकिलांकडे इंटर्नशिप करतेय. मोठ्या खटल्यांचं काम मिळेल म्हणून गेले आणि रोज दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रं नोंदवायला जाते. टोकन घ्या, रांगेत थांबा, अंगठे द्या. यात शिकण्यासारखं काही नाही. इंटर्नशिप बदलू का?
*– तृतीय वर्ष, धाराशिव*

बदलू नकोस! त्याच रांगेत थांब, फक्त मोबाइल पर्समध्ये ठेव.

मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ दिवाणीच करते, आणि वारसाहक्काचा वाटा सोडून देण्याच्या या हक्कसोडपत्राचा मजकूर अजून तोच आहे: 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही धाकदडपणास बळी न पडता लिहून देत आहे.' आता ते लिहून देणाऱ्यांकडे बघ. भावाने गाडी केलेली असते. तीन बहिणी तीन गावांहून आलेल्या. आधार कार्डं तिघींची, पण पाकीट भावाच्या हातात. थोरलीचा चष्मा पर्समध्येच असतो, तो निघत नाही, कारण दस्त वाचायचाच नसतो. कॅमेऱ्यात फोटो होतो, यंत्रावर अंगठा होतो. कर्मचारी विचारतो, 'दस्त मान्य आहे ना?' आणि 'हो हो, मान्य आहे' असं उत्तर भाऊ देतो. बहीण मान हलवते. रेकॉर्डवर संमती झाली.

भाऊ खलनायकच असतो असं मात्र समजू नकोस. सातबाऱ्यावर पाच नावं असली की सोसायटीचं पीककर्ज काढायला पाच सह्या लागतात, त्यातली एक बहीण सुरतला असते. आणि बहिणीचाही हिशेब असतो. दोन एकरांतला तिचा वाटा विकून काय येणार, त्यापेक्षा माहेरचं दार उघडं राहिलेलं बरं. सासरी काही बिनसलं तर जायला एक जागा हवी ना. म्हणजे ती जमीन सोडते तेव्हा त्या बदल्यात काहीतरी राखत असते, आणि ते दस्तातल्या 'मोबदला' या रकान्यात कधी लिहिलं जात नाही.

आता कायद्याचा रस्ता बघ. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाची सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हिस्सेदार, ती झाली नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तिला सहदायाद केलं, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तोही भेद गेला. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत की नको यावर पंधरा वर्षं उलटसुलट निकाल लागले, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की नकोत, हक्क जन्माने आहे. कागदावर मुलीचा हक्क दर टप्प्याला पक्का होत गेला. आणि माझ्या टेबलावर हक्कसोडपत्रं वाढत गेली. यात विसंगती नाही. पूर्वी बहिणीचं नाव लावायची कोणाला गरजच वाटत नव्हती, तर सोडायचं काय? नाव लागायला लागलं तेव्हा ते उतरवायची सोय शोधावी लागली. मुद्रांक शुल्कही अशा दस्ताला नाममात्र असतं.

तुझ्यासाठी गृहपाठ. करार कायद्याचं कलम १६ वाच, अनुचित प्रभावाचं. दोघांच्या नात्यामुळे एकजण दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकत असेल आणि त्याचा गैरफायदा घेत असेल तर तो अनुचित प्रभाव. पुस्तकात उदाहरणं येतात ती बाप-मुलाची, रुग्ण-डॉक्टरांची. भाऊ आणि माहेर जपणारी बहीण यांना ते लागू होईल का? दस्त रद्द करून मागायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. तीन वर्षांत ती कोर्टात येईल का? आली तर ओळखदार साक्षीदार कोणाच्या बाजूने बोलेल? ही तीन उत्तरं लिहून तुझ्या वकीलसाहेबांना दाखव. ते चिडले तर मला कळव.

आणि असं काही नवीन घडतंय असं वाटत असेल तर कूळकायदा काढून बघ. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला आणि कुळांना संरक्षण मिळालं. मग कित्येक कुळांनी जमिनी 'स्वखुशीने' मालकाला परत केल्या. गोखले संस्थेच्या दांडेकर आणि खुदनपूर यांनी त्या कायद्याच्या अंमलाची पाहणी केली, तेव्हा असे राजीनामे जागोजागी आढळले. कायद्यात आता अट आहे की कुळाचा राजीनामा लेखी हवा आणि मामलेदाराने पडताळलेला हवा, म्हणजे कुणीतरी कुळाला स्वतंत्रपणे विचारायला हवं. १ एप्रिल १९५७ पासून कसणारा कूळ मालक झाला, पण तोवर ज्याने जमीन सोडली होती तो यादीत नव्हता. बहिणीला मामलेदाराने एकटीला बसवून विचारावं अशी तरतूद अजून तरी नाही. ती असावी का, यावर तुमच्या कॉलेजात एखादा मूट, म्हणजे सरावाचा खटला, ठेवा. विमानतळाच्या भाडेपट्ट्यावर ठेवण्यापेक्षा बरं.

महोदया, मी बँकेतून निवृत्त झाल्यावर तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतला आहे. आपले मागील लेखन वाचून अस्वस्थ झालो. न्यायाधीशाने पुरावा आणि कलम पाहावे. त्यात समाज, राजकारण आणले तर निकाल माणसागणिक बदलेल. हा भाषणांचा विषय आहे, अभ्यासाचा नाही.
*– एक ज्येष्ठ विद्यार्थी, सांगली*

तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. कलम येत नाही म्हणून समाजावर बोलणारा वकील मी रोज बघते, आणि त्याचा अशील हरतो तेही बघते. पण समाज कोर्टात 'आणावा' लागतो हे मात्र पटत नाही. तो आधीच आत येऊन बसलेला असतो, प्रश्न एवढाच की त्याच्याकडे कोणी बघतंय का.

तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल काढा, सर्वोच्च न्यायालय, १९७८. मार्च १९७२, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणे, रात्रीची वेळ. भावाने दिलेल्या तक्रारीवरून एका आदिवासी मुलीला आणि तिच्या घरच्यांना ठाण्यात आणलं होतं. वय फार तर सोळा. बाकीचे बाहेर पाठवले, ती आत राहिली. दोन पोलिसांवर अत्याचाराचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, कारण भीतीपोटी निमूट राहणं आणि संमती यांत फरक आहे. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं: अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, आरडाओरड केल्याचा पुरावा नाही.

तिन्ही कोर्टांपुढे पुरावा तोच, मुख्य आरोपाचं कलम तेच, बलात्काराचं ३७६. निकाल माणसागणिक बदललाच की! बदल कुठे झाला, तर 'घाबरलेली मुलगी कशी वागते' याबद्दलच्या समजुतीत. ओरडली नाही म्हणजे तयार होती, हे वाक्य कुठल्या कलमात आहे? ते समाजातून आलं आणि पुरावा म्हणून बसलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, त्यात मुद्दा हाच होता: गरीब आदिवासी मुलगी, रात्र, आणि ज्यांच्याकडे तक्रार करायची तेच समोर, हे विचारात न घेता संमती ठरवता येते का? देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अशा गुन्ह्यात संबंध शाबीत झाला आणि बाईने संमती नव्हती असं कोर्टात सांगितलं, तर नव्हती असंच गृहीत धरायचं, हे पुरावा कायद्यातलं कलम ११४-अ तेव्हा आलं. तुम्ही पुढच्या सत्रात ते अभ्यासाल. केवळ कलम म्हणून वाचलंत तर आरोपीवर अन्याय करणारं वाटेल. देसाईगंजची रात्र माहीत असेल तर ते एवढ्या मोजक्याच प्रसंगांना का लावलं होतं हेही कळेल.

आता दुसरं निम्मं, तुमच्या बाजूचं. 'संदर्भ, संदर्भ' म्हणणाऱ्यांची एक खोड असते, त्यांना निकालातला सुंदर उतारा आवडतो आणि हुकूम वाचायचा राहून जातो. ओल्गा टेलिस खटला घ्या. जुलै १९८१, भर पावसात मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या उठवायला सुरुवात झाली, मुख्यमंत्री अंतुले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० जुलै १९८५ ला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. हे वाक्य प्रत्येक निबंधात असतं. आता शेवटची पानं उघडा. महापालिका कायद्याचं, बिननोटीस अतिक्रमण काढू देणारं कलम ३१४ वैध ठरलं. झोपड्या ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, काढू नयेत. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, पण ती दिल्याशिवाय हटवायचं नाही, अशी अट मात्र नाही. तत्त्व जिंकलं आणि फुटपाथवरचे हरले. हे कळायला भाषण लागत नाही, शेवटपर्यंत वाचायची सवय लागते, आणि बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला करारातला बारीक टाइप वाचायला मी काय शिकवणार?

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. आता जुने खटले, जुना इतिहास वाचून काय उपयोग? – पुणे

आकडे बदलले. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० हे ३१८. वर सांगितलेलं ११४-अ भारतीय साक्ष अधिनियमात १२० म्हणून बसलंय. मजकूर बराचसा तोच आहे. जुना आणि नवा कायदा शेजारी ठेवून वाचा आणि जिथे शब्द बदललाय तिथे खूण करा. राजकारण सापडलं तर तिथेच सापडेल, प्रस्तावनेच्या भाषणात नाही.

माझी मुलगी पाच वर्षांच्या लॉला आहे. हल्ली वस्तीत सर्व्हे, जनसुनावणी, मोर्चा यांतच असते. घरी आली की आजीशी 'हुंडा' विषयावर भांडते. ही वकिली करेल की चळवळ? – काळजीत असलेली आई, नाशिक

आजी काय म्हणाल्या ते कळवायला हवं होतंत, माझी उत्सुकता तिथेच अडकली आहे.

ताई, तिला थांबवू नका, पण फुकट हिंडूही देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. तिथे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं का, ते तिला विचारून यायला सांगा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. हे वस्तीतल्या किती बायांना माहीत आहे ते तिने तिच्या सर्व्हेत विचारावं, आणि ज्यांना हवा आहे त्यांचे अर्ज स्वतः भरून द्यावेत. अर्ज भरताना 'वार्षिक उत्पन्न', 'घर कोणाच्या नावावर', 'लग्नाचा पुरावा' असे रकाने येतील. ते भरता भरता तिला समोरच्या बाईची सगळी हकिकत कळेल, आणि वकालतनाम्यावर सही घेण्याआधी प्रश्न कसे विचारायचे तेही.

आठवड्यातून एक दिवस मात्र तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर बसवा. कोर्ट खुलं असतं, पास लागत नाही. पोटगीच्या आणि घरगुती हिंसाचाराच्या तारखा असतील तो दिवस बघून जावं. वही न्यावी, फोन बंद ठेवावा. पट्टेवाला पुकारा करतो तेव्हा कोण हजर असतं, कोण नसतं आणि कोणाला पुढची तारीख मिळते, एवढंच महिनाभर लिहून आणायला सांगा. ती वही घेऊन मला भेटली तरी चालेल. शनिवारी दुपारनंतर मी ऑफिसात असते.